तिसऱ्या रांगेतला कॅमेरा

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी कॅमेरामन ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल. कोपरला राहणाऱ्या या गृहस्थांनी सगळी हयात लग्नांच्या शूटिंगमध्ये घालवली. सप्तपदीच्या वेळी सगळे नवरानवरीकडे बघत असायचे आणि मामांचा कॅमेरा मुलीच्या बापावर. एका वरपित्याने तक्रार केली, की आमचा मुलगा यात धड दिसतच नाही. मामा शांतपणे म्हणाले, "तो तुम्हाला रोजच दिसतो. व्याही असे पुन्हा दिसायचे नाहीत." त्यांना सिनेमाला नेलं तर बाहेर आल्यावर गोष्ट सांगता येत नाही, पण नायिका रडत होती तेव्हा कॅमेरावाला स्टुलावर उभा होता की जमिनीवर बसला होता, हे ते छातीठोकपणे सांगतात. गणपतीच्या आरतीलासुद्धा उजेड पाठीमागून येतो म्हणून त्यांनी एकदा आमच्या शेजाऱ्यांना आरतीच्या ताटासकट फिरवलं होतं.

अशा माणसाला मी माझा विनोदाचा कार्यक्रम शूट करायला बोलावलं. मी विमा कंपनीत कारकून. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण स्टँडअप कॉमेडियन आहोत असं मला वाटायला लागलं. बायकोला ते अजून वाटलेलं नाही. ठाण्यात एक छोटा हॉल मिळाला. एकच प्रयोग, आणि त्याची तासाभराची फिल्म इंटरनेटवर टाकायची. माझ्या डोळ्यांपुढे तीन कॅमेरे होते, जांभळा उजेड होता आणि दर वाक्याला पोट धरून हसणारे प्रेक्षक होते.

"एकच कॅमेरा," मामा म्हणाले. "तिसऱ्या रांगेत, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. उजेड साधा."

"आणि हसणारे लोक?"

"हसले तर ऐकू येतीलच की, जावईबापू. नाही हसले तर काय दाखवणार?"

प्रयोगात अर्धा तास बरा गेला. मग मी वडिलांची नक्कल सुरू केली. साहेबांचा फोन आला की ते घरातसुद्धा उठून उभे राहायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावायचे. हशा आला. मी हवेत बटण लावलं आणि पुढचं वाक्यच आठवेना. हात गळ्याशी तसाच राहिला. शेवटी मी म्हणालो, "बाबा गेल्यापासून हे पहिल्यांदाच करतोय," आणि कसाबसा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या किश्श्यावर घसरलो.

"तेवढं कापून टाका, मामा," प्रयोग संपल्यावर मी म्हणालो.

"कापलं तर चित्रात उडी दिसेल. मध्ये घालायला दुसरं चित्र नाही माझ्याकडे."

"म्हणून तर मी तीन कॅमेरे म्हणत होतो!"

"म्हणूनच मी एक म्हणत होतो."

मी चिडून फिल्म घेतली आणि मानपाड्याला एडिटिंग करणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याने झटपट कुठल्याशा कार्यक्रमातले हसणारे लोक त्या जागी चिकटवले. काम सफाईदार होतं. मी गळ्याशी हात धरून बाबांना आठवत होतो, आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मला स्वतःचीच शिसारी आली. त्याच संध्याकाळी पेढे घेऊन कोपर गाठलं. मामा फक्त एवढंच म्हणाले, "आत या."

मामांची फिल्म आहे तशीच इंटरनेटवर टाकली. रविवारी त्यांना घरी बोलावलं आणि आईला टीव्हीवर लावून दिली. आई पहिल्या अर्ध्या तासात एकदाही हसली नाही. मामा दोनदा हसले, तेही माझ्या शर्टाच्या रंगाला. मी हवेत बटण लावून गप्प उभा राहिलो तेव्हा आई म्हणाली, "थांबव रे जरा."

मी थांबवलं. ती पडद्याजवळ गेली.

"फोन ठेवल्यावर असेच उभे राहायचे हे," ती म्हणाली. "थोडा वेळ. मग बसायचे."

तिने पुढे लाव म्हटलं नाही. मी मामांकडे पाहिलं, तर ते चष्मा काढून पुसत होते.