दादाचं जन्माचं वजन

दादाचा रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून त्यानं मला गोंदियाला सोबत नेलं. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. तोवर सगळ्या तपासण्या वहिनीच्याच झाल्या होत्या. आईही आली.

"वाच ना, इंग्लिशवाली," दादा म्हणाला.

टेस्टोस्टेरॉनपुढचा आकडा फार खाली होता. मी म्हटलं, "डॉक्टरच सांगतील."

डॉक्टरांनी सांगितलं, हार्मोन कमी आहे. मग आईकडे बघून विचारलं, "जन्मला तेव्हा वजन किती होतं? फार लहान जन्मलेल्या मुलांमध्ये कधी कधी मोठेपणी असं दिसतं. नेहमीच नाही."

"साडेतीन किलो," आई म्हणाली. "गुटगुटीत होता."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मला खरं वजन माहीत होतं.

दादा चिचगडला, आईच्या माहेरी, दिवस भरायच्या आधीच झाला. मामानं त्याला सुपात घालून किराणा दुकानातल्या काट्यावर तोललं. सुपाचं वजन काढून दीड किलो. बारशाला सासरची माणसं आली तेव्हा मावशीनं त्याला लुगड्याच्या तीन थरांत गुंडाळून मांडीवर घेतलं, आणि आईनं साडेतीन किलो सांगितलं. मी तापानं पडले होते तेव्हा उशाशी बसून तिनं हे मला एकदाच सांगितलं होतं. दादाला कधीच नाही.

बाहेर येताच दादानं खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी नालीत फेकली.

"जन्माले तर चांगला होतो मी. यानंच झालं. मीच केलं."

ऑटोनं आम्ही मुर्रीला, घरी आलो.

मागच्या अंगणात मी आईला गाठलं. "खोटं का सांगितलंस?"

"मंग काय सांगू त्याले? मायच्या पोटातच कमी पडला म्हणून?" तिचा आवाज चिरकला. "तू सांग. लय शिकून राहिली न!"

मी दादाला सांगायचं वाक्य मनातल्या मनात जुळवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. दादाच्या खोलीच्या पडद्यापाशी गेले. आत वहिनी बोलत होती.

"कितीदा म्हटलं, खर्रा सोडा. आता रडून काय राहिले?"

"सोडला न," दादा म्हणाला.

मी परत फिरले.

डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, पण तो गेला नाही. वहिनीनं विचारलं की म्हणायचा, "आपल्या हातानं केलं, त्याले औषध कायले?" तेव्हा आई ताटातले तांदूळ निवडत असायची. मी वर बघत नसे.