दोन वार आणि तीन वारच्या मधे

आधी आवाज ऐकू यायचा आणि ओठ मागाहून हलायचे. सकाळपासून मी त्या एका क्लिपशी झटत होतो, आणि क्लिपमधला माणूस स्वतः माझ्या मागच्या खुर्चीत बसला होता.

भाऊराव कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पुकारायचे. गेल्या वर्षी लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. एकसष्टीला दाखवायला छोटी फिल्म हवी म्हणून त्यांच्या पत्नी सुमनताई त्यांना घेऊन सदर भागातल्या माझ्या स्टुडिओत आल्या होत्या.

"फोटो कमी टाका," त्या म्हणाल्या. "मले त्यायचा आवाज पायजे, दादा. घरात मी एकटीच बोलून राहिली. भांडाले सुद्धा कोणी नाही."

भाऊराव ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. त्या एकेका फोटोला आम्ही फ्रेम म्हणतो, आणि सेकंदाला किती फ्रेम, तो फ्रेम रेट. त्यांच्या लग्नाच्या कॅसेटचा पंचवीस, पुतण्याच्या फोनचा साठ. ही भानगड निस्तरता येते. लिलावाची क्लिप मात्र कुणा शेतकऱ्याच्या जुन्या फोनवरची. असा फोन गरम झाला की मधेच फ्रेम घ्यायच्या सोडतो. मग गाळलेल्या जागी सॉफ्टवेअर आधीचीच फ्रेम पुन्हा चिकटवतं आणि चित्र अडकल्यासारखं दिसतं. त्यात रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातला बारकावा, इतका कमी की मोठ्या पडद्याएवढं ताणलं की डोळ्यांचे नुसते ठिपके.

असा एक अडकलेला तुकडा सापडला. भाऊराव बोट वर करून "दोन वार" म्हणतात आणि तिथेच गोठतात. आवाज नाही, नुसती घरघर. मी तेवढं कापून टाकलं. दोन वार, तीन वार, सौदा पक्का. कसं सुटसुटीत झालं! मी स्वतःवर खूश.

क्लिप लावली. "दोन वार" आलं आणि खुर्चीतल्या भाऊरावांनी डावं बोट वर केलं.

"पाणी पायजे का?" सुमनताईंनी विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

पुन्हा लावली. पुन्हा तिथेच बोट.

"अजी, काहून थांबवून राहिले?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "दादा, तुमी इथं काही कापलं का?"

"अडकलं होतं, ताई. फोनचा दोष."

"फोन नाही अडकला. हे थांबत. दोन वार म्हटलं का बोट वर धरून उभे. मागचा कोणी जास्ती बोलत असन तर बोलू द्यावं, शेतकऱ्याचा माल आहे. व्यापारी शिव्या देत, पण हे हलत नव्हते. घरी भाजी वाढू का विचारलं तरी तसंच!"

मी मूळ क्लिप जराशी झूम करून बघितली. चेहरा स्थिर, बोट स्थिर. पण डोळे हलत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश माणसं धुंडाळत होते. फ्रेम थोड्या अडकल्या होत्या. माणूस अडकला नव्हता.

तुकडा परत जोडला. डोळे दिसावेत म्हणून चित्र ताणलंही नाही. लहानच ठेवलं, भोवती काळी जागा.

"राहू द्या लहान," सुमनताई म्हणाल्या. "माणूस दिसते न."

या वेळी खुर्चीतलं बोट पडद्यावरच्या बोटाबरोबर वर गेलं आणि "तीन वार"ला खाली आलं.

"आखीन एकदा लावा," त्या म्हणाल्या. मी लावत राहिलो. नवऱ्याचा हात हातात धरून त्या पडद्यावरच्या नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना दोघेही हवे होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

एकसष्टीला हॉल कळमन्याच्या लोकांनी भरला होता. पडद्यावर "दोन वार" झालं, बोट वर गेलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा व्यापारी ओरडला, "दहा जास्ती!"

हॉल हसला. पडद्यावर "तीन वार" होऊन सौदा पक्का झाला. पण पहिल्या रांगेत भाऊरावांचं बोट खाली आलं नाही. मान वळवून ते मागे बघत होते, कोण बोललं ते शोधत.

सुमनताई डोळे पुसत उठल्या. "थांबा न जी सगळे," त्या म्हणाल्या. "बोली वाढली. अजून सौदा नाही झाला."

तेव्हापासून अडकलेली फ्रेम कापायच्या आधी मी झूम करून डोळे बघतो. वेळ जातो. क्लायंट कुरकुरतात. कुरकुरू देत.