टिल्डीचा अखंड कप

पाल्मर नेक बेटावर कुणालाही विचारा, मिंडा ब्लायजेननं तुमच्यासाठी काय केलं. उत्तर ऐकायला खुर्ची घेऊन बसावं लागेल. काळ्या माणसाला मतदानाला नाव नोंदवायचं तर गोरा कारकून समोर कागद टाकून वाचायला लावायचा, त्या काळात मिंडानं आपल्या ओसरीवर अर्ध्या बेटाला अक्षरं शिकवली. आजारी माणसांना स्वतः होडी वल्हवून खाडीपलीकडच्या डॉक्टरकडे नेलं. दारी आलेल्याला ती कधी ‘नाही’ म्हणाली, असं कुणालाच आठवत नव्हतं.

“देवमाणूस आहेस बाई तू,” लोक म्हणायचे.

“देवमाणूस कसली? घाबरट आहे मी,” ती फणकारायची, आणि लोक हसायचे. बाई अगदी खरं बोलत होती, पण लोकांना थोरांचा विनयच तेवढा दिसतो, त्याला काय करणार!

रोज भर दुपारी, उन्हानं बेट चिडीचूप झालं की मिंडाच्या दारावर तीन थापा पडायच्या. हलक्या, दाराच्या खालच्या फळीवर. दार उघडावं तर बहुतेक वेळा कुणी नसायचं. कधीमधी मात्र खरंच कुणी उभं असायचं. कुणाची लेक अडलेली, कुणाच्या हातात न उलगडणारं सरकारी पत्र. थाप कुणाची, हे दार उघडल्याशिवाय कळत नसे. म्हणून ती प्रत्येक थापेला उठायची, आणि जो असेल त्याचं काम मुकाट्यानं करायची. एकोणतीस वर्षं हे चाललं होतं.

सुरुवात एकोणपन्नास साली झाली. मिंडा तेव्हा सव्वीस वर्षांची, चर्चच्या महिला मंडळाची नवी चिटणीस. हुशार, टापटीप, आणि स्वतःच्या टापटिपीवर भारी खूश. बेटाची जुनी रीत अशी की माणूस गेलं, की ते ज्या कपातून शेवटचं पाणी प्यालं तो कप त्याच्या मातीवर ठेवायचा. ठेवण्याआधी बुडाला भोक पाडायचं. फुटलेला कप पलीकडे जातो आणि ज्याचा त्याला मिळतो. अखंड कप इकडेच अडकतो. आणि एकदा ठेवलेल्या कपाला कुणी हात लावायचा नाही. नावाचे दगड परवडणार किती जणांना? कप हीच खूण.

त्या वर्षी शहरातून नवे तरुण पाद्री आले. दफनभूमी बघून त्यांनी नाक मुरडलं. “बिशप येणार आहेत, आणि हा काय भंगारबाजार मांडलाय?” मिंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेटावरची माणसं मासळी विकायला पलीकडे गेली होती, त्या शनिवारी चार बायका हाताशी घेऊन तिनं एकसष्ट कप, मग, किटल्या उचलल्या. तिची सासू रीना कुंपणाशी उभी राहून बघत होती.

“अगं, आता ती पाणी कशात पितील?”

“मेलेल्यांना कुठली तहान, मा?” मिंडा हसून म्हणाली.

फेकायला मात्र तिचा हात धजला नाही. ओळीनं उचललेले कप तिनं ओळीनंच कागदात गुंडाळले, सहा खोक्यांत भरले आणि स्वतःच्या घराखाली सरकवले. दोनच दिवसांनी, माणसं परतायच्या आत, वादळ आलं, झाडं उन्मळली, खाडी दफनभूमीत शिरली. “कपसुद्धा नेले मेल्या वादळानं,” बेट हळहळलं. चौघी बायका गप्प राहिल्या, रीनाही आणि मिंडाही.

दीड महिन्यानं तिची पाच वर्षांची टिल्डी तापानं गेली. शेवटचे दोन दिवस ती पाणी पाणी करत होती. तिला सहाव्या ओळीच्या पलीकडे, एकटीलाच पुरलं. खाडी शिरते म्हणून पुढच्या माणसांना चर्चमागे नवी जागा झाली. पाद्री शेजारी उभे, आणि कप म्हणजे भंगार हे मिंडानंच बायकांना पटवलेलं. कुठल्या तोंडानं कप ठेवणार? पिवळं बदक काढलेला टिल्डीचा कप तिनं तसाच अखंड घरी फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या थापा सुरू झाल्या. एकसष्टजण तहानलेले फिरताहेत आणि त्यांचा हिशेब माझ्याशी आहे, असं मिंडानं मनाशी पक्कं धरलं.

अठ्ठ्याहत्तर साली एका कंपनीला खाडीकाठी हॉटेल बांधायचं झालं. रस्ता दफनभूमीतून आखला. काउंटीच्या सरकारी कचेरीनं कळवलं की दगड असलेल्या नऊ कबरी राखू, बाकीची जमीन रिकामी आहे. रिकामी नसेल तर सोमवारी मोजणीदार येईल, त्याला खुणा दाखवा.

रविवारी चर्चमध्ये नुसता कल्लोळ. शेवटी सगळ्यांच्या माना सवयीनं मिंडाकडे वळल्या. “मिंडाआंटी, तूच काहीतरी कर.”

मिंडा उठली. त्या चौघी आणि रीना केव्हाच वारल्या होत्या, पाद्रीही शहरात परतले होते, त्यामुळे तोंड उघडलं नाही तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. आणि उघडलं, तर एकोणतीस वर्षांची अब्रू जाणार होती.

“कप वादळानं नेले नाहीत,” ती म्हणाली. “मी उचलले. माझ्या घराखाली आहेत.”

चर्चचा कारभार बघणारा डेकन जेरिको फ्रेझर, सत्तरी उलटलेला माणूस, काठी टेकत उभा राहिला. “माझ्या आईची निळी किटली? मी खाडीत कंबरभर चिखलात तीन दिवस शोधली गं ती! तू काठावरून बघत होतीस. वादळानं नेली म्हणालीस!”

“मी म्हणाले नाही, डेकन. तुम्ही म्हणालात. मी गप्प बसले.”

“गप्प बसणं वेगळं असतं का?”

“नाही. तेच असतं.”

तो धपकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कुणीतरी मागून म्हणालं, “आणि हिला आम्ही देवमाणूस म्हणत होतो!” मिंडाच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून म्हातारी हेगर ठसक्यात म्हणाली, “माझ्या नवऱ्याला पाण्याची तहान जन्मात नव्हती, होती ती दुसरीच! पण त्याचा मग मला परत हवा. ए मिंडा, रडतेस काय नुसती, खोकी काढ!”

सोमवारी सकाळी खोकी उघडली. त्या शनिवारची टापटीप आता कामाला आली. पहिलं खोकं म्हणजे पहिली ओळ, पूर्वेकडून. मिंडा एकेक कप बाहेर काढी, कागद सोडवी, नाव घेई, आणि ज्याचं माणूस तो पुढे येऊन कप आपल्या मातीवर ठेवी. खाली कबर खणलेली आहे का, हे मोजणीदार सळई खुपसून बघे. जमीन प्रत्येक ठिकाणी भुसभुशीत लागे आणि तो कागदावर फुली मारी. डेकन आईची किटली छातीशी धरून उभा राहिला, मिंडाकडे बघितलं नाही. पण तिसऱ्या खोक्याशी तिला चिकटलेले कागद सुटेनात, तेव्हा ते सोडवायला तोच बसला.

सहावी ओळ संपली. रस्त्याच्या आखणीची, लाल फीत बांधलेली खुंटी तिथून चार पावलांवर होती.

“इथून पुढे काही नाही ना?” मोजणीदारानं विचारलं.

सगळ्यांनी खाली बघितलं. तिथे कोण आहे हे बेटावर कुणाला ठाऊक नव्हतं?

“माझी मुलगी आहे,” मिंडा म्हणाली.

“खूण लागेल, बाई. खुणेशिवाय मी सळई लावत नाही.”

“थांबा.”

ती घरी गेली. दर शनिवारी धुतल्यानं कपावरचं बदक फिकट झालं होतं, बाकी कप होता तसाच. एवढी वर्षं त्याला साधा टवकाही उडू दिला नव्हता. ती कप, खिळा आणि हातोडी घेऊन परत आली आणि मातीत बसली.

“आण इकडे, मी करतो,” डेकन म्हणाला.

“नको. आईनंच करायचं.”

पहिला घाव चुकला. दुसऱ्याला बुडाचा तुकडा उडाला. मिंडानं कप मातीवर ठेवला, हात पुसले आणि मोजणीदाराला म्हणाली, “घाला सळई.” सळई सहज आत गेली. त्यानं खुंटी उपटली आणि फुली मारली.

दुपारी ती दार लावून, पाण्याचा ग्लास भरून बसली. ऊन चढलं, बेट चिडीचूप झालं, मग ऊन कललंसुद्धा. थाप पडली नाही. तिची नजर दाराच्या खालच्या फळीवर गेली, तिथे रंगाचा टवका उडाला होता. पाच वर्षांच्या पोरीचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

एकसष्टांतलं कुणी कधी आलंच नव्हतं. रोज दार उघडूनही जी तिला दिसत नव्हती, ती टिल्डी आज आपल्या कपातून पाणी पिऊन गेली होती.

मिंडानं उठून दार सताड उघडलं आणि पोटभर रडली.