रंजिताचं झुडूप

माझी जाऊ रंजिता देवळीत आमच्या कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस फाडते आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या निसर्ग उद्यानात फुलपाखरं बघत फिरते. तेवढा वेळ गिऱ्हाइकं मी सांभाळते, नातेवाइकांचे टोमणेही मीच ऐकते. बाईमाणसानं झुडपात काय शोधायचं, म्हणे. यांच्या बापाचं काय जातं?

उद्यानात एकीकडे शोभेच्या फुलांची बाग, मध्ये गवताळ माळ आणि नाल्याकाठी रुई-बोरींचं झुडूप. उद्यानाच्या समितीला ते झुडूप काढून लॉन करायचं होतं. रंजितानं वर्षभर तिन्ही जागा ताडून बघितल्या. बागेत फुलपाखरं येतात ती मध प्यायला, तीही ठरावीक. माळावर थोडी वेगळी. सगळ्यात जास्त प्रकार झुडपात, कारण अंडी घालायला ती तिथंच जातात. तिनं हे समितीच्या सभेत मांडलं. झुडूप राखायचं ठरलं, वर तिचा सत्कारही ठरला.

सत्काराच्या दिवशी आम्ही दोघी लवकर पोचलो. झुडपाजवळ औषधाचा उग्र वास येत होता. रुईखाली पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या मरून पडल्या होत्या. रंजिता खाली बसून एकेक अळी उलटून बघू लागली. मला रडू नाही आलं, संताप आला.

समितीचे अध्यक्ष अण्णाजी, वांग्या-टमाट्यांचे नावाजलेले शेतकरी, हसत आले आणि तिच्या खांद्यावर शाल टाकून म्हणाले, "काल मी सोताच फवारा मारला, बाई. लय अळी पडली होती. आता तुह्या फुलपाखरायले तरास नाई."

"अण्णाजी, त्या अळ्यायचेच फुलपाखरं होतात," रंजिता म्हणाली.

"अळीचा पतंग होते, मले मालूम आहे," ते गडबडले. "फुलपाखरू भी?"

जन्म गेला अळीशी भांडण्यात आणि हे माहीत नाही. सभेत मान डोलावली, टाळ्या वाजवल्या, पण अंड्यांतून पुढं काय निघतं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. कीव तरी कोणाची करायची?

तेवढ्यात समितीचा सचिव किशोर, सिमेंटचा व्यापारी, पुढं सरकला. "आता तिथं काई उरलंच नाई, त लॉन टाकून देऊ न."

याची जीभ कशी झडत नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण रंजितानं शाल काढली, घडी घातली आणि अण्णाजींच्या हातात दिली.

"फवारा तुमचा, त आता राखण भी तुमचीच. इथून काही उडालं, त मंग शाल घेऊन येजा."

मला अण्णाजींचा राग अजून आहे. पण त्यांनी शाल काखेत मारली, झुडपापुढं जाऊन उभे राहिले आणि किशोरला म्हणाले, "लॉन तुह्या अंगणात टाक."