नानांच्या अंगठीचा शेवट

जादूगारांच्या मंडळात किस्से साठतात ते एका कारणाने. जमलेला प्रयोग लोक घरी जाईपर्यंत विसरतात, फसलेला मात्र जन्मभर कुणी विसरत नाही! दर रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारात मुकुंदराव शिर्क्यांच्या घरी आम्ही चार-पाच जण जमतो. जादू थोडी, सेव-उसळ फार.

पोटापाण्यासाठी जादू करणारा आमच्यात एकही नाही. मुकुंदराव वीज खात्यातून निवृत्त, मी बँकेतून. पण नियम कडक. प्रयोग कागदावर लिहायचा नाही. थोरल्याने तो एकाच्या हातात द्यायचा आणि त्याने दर खंडेनवमीला मंडळापुढे जसाच्या तसा करून दाखवायचा. बडोद्यातल्या जुन्या फौजी घरांत त्या दिवशी तलवारी पुजतात. आम्ही दोऱ्या, वाट्या आणि रुमाल पुजतो.

*

जसाच्या तसा म्हणजे किती, ते मुकुंदरावांना विचारा.

त्यांच्याकडे कै. दत्तोपंतांचा दोरीचा प्रयोग आहे. दोरी कापायची, गाठ मारायची, आणि गाठीवरून मूठ फिरवण्याआधी मान वळवून एकदा खोकायचं. दत्तोपंत खोकत, म्हणून मुकुंदरावही इमानाने खोकत आले. एका खंडेनवमीला दत्तोपंतांच्या पत्नी, माई, बघायला आल्या. खोकला ऐकताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या म्हणाल्या, "अहो मुकुंदराव, तुम्ही कशाला खोकताय? ह्यांना दमा होता!"

मंडळ हसून लोळलं. मुकुंदराव बिचारे ओशाळले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी खोकला गाळला. झालं! केतकीला, म्हणजे आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सभासदाला, दातांच्या डॉक्टरला, मुठीतला दोरीचा तुकडा स्वच्छ दिसला. एरवी त्या क्षणी सगळे तोंडाकडे बघायचे, आता हाताकडे बघत होते.

मुकुंदराव दोरी गुंडाळत म्हणाले, "दमा होता खरा. पण पंतांनी तोही वाया घालवला नाही."

हल्ली ते पुन्हा खोकतात.

*

जयेशभाई आमचे एकुलते एक गुजराती सभासद. मांडवीत भांड्यांचं दुकान. पितळेच्या तीन वाट्या आणि कापडी गोळ्या हा त्यांचा प्रयोग, एका मराठी जादूगाराच्या हातून आलेला, बोलण्यासकट.

जवळच्या पादरा गावी त्यांच्या मेव्हण्याच्या घरचं लग्न होतं. सगळी वऱ्हाडी मंडळी गुजराती. जयेशभाईंनी वाट्या मांडल्या आणि सुरू केलं, "बघा मंडळी, ही रिकामी वाटी, रिकाम्या पोटासारखी!" मेव्हणा ओरडला, "अरे जीजाजी, गुजरातीमां बोलो ने!" जयेशभाईंनी मान हलवली आणि पुढचं वाक्यही मराठीतच म्हटलं.

परतल्यावर मी विचारलं, "अहो, गुजराती तर तुमची घरची भाषा!"

"वसंतभाई, शुं करूं? मारा हाथ मराठीमां ज चाले छे. गुजराती बोलुं तो गोळी पडी जाय!"

*

आता नानांबद्दल. नाना दळवी शाळेत चित्रकला शिकवत. आमच्या सगळ्यांचे ते गुरू, आणि बडोद्यात त्यांच्या अंगठीच्या प्रयोगाला तोड नाही. प्रेक्षकांतल्या बाईची अंगठी घ्यायची, मुठीत धरायची, मूठ उघडली की गायब! आणि शेवटी ती सापडायची त्याच बाईच्या पदराच्या गाठीत. नाना तिच्यापासून चांगले चार हात लांब उभे असायचे.

हा प्रयोग त्यांनी माझ्या हातात द्यायला घेतला होता. घाई त्यांना मंजूर नव्हती. अंगठी नाहीशी करणं मला दिलं, मूठ कशी धरायची ते दिलं. पदराच्या गाठीचं विचारलं की म्हणत, "पुढच्या खेपेला, वसंता. आधी हे मुरू दे."

मग डभोईचा कार्यक्रम आला. नानांनी पहिल्या रांगेतल्या एका बाईंची अंगठी घेतली, चार शब्द बोलले आणि पुन्हा विचारलं, "कुणी अंगठी देईल का?" मला वाटलं, काहीतरी नवीन दिसतंय. दुसऱ्या बाईंनीही दिली. शेवटी दोघींच्या पदरांत जिची तिची अंगठी निघाली आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला!

परतीच्या बसमध्ये मी कौतुक करत होतो. नाना खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "वसंता, दुसरी अंगठी मी केव्हा घेतली रे?"



*

मंडळाने नियम मोडायचं ठरवलं. लिहायचं नाही, ठीक, पण मोबाइलवर शूटिंग करून ठेवू. नानाही तयार झाले. स्वतःच म्हणाले, "करून घ्या, अजून काही शिल्लक आहे तोवर."

केतकीने समोरून शूटिंग केलं. नेमक्या क्षणी नानांचा खांदा वळला आणि हात झाकला गेला. ती डावीकडे गेली, तर नानांनी रुमाल झटकला. मागून घेतलं, तर कोट आडवा आला. प्रयोग दर वेळी सुंदर, आणि दर वेळी गाठ कशी बसते ते दिसायचं नाही.

"नाना, आमच्यापासून कशाला लपवताय?" केतकी रडकुंडीला आली.

नाना स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "मुद्दाम नाही गं करत. जन्मभर लपवायलाच शिकलो. आता दाखवू कसं?"

*

यंदाच्या खंडेनवमीला पूजा आटोपून मी नानांकडे गेलो. आता ते मला ओळखत नाहीत. "यावं, बसावं," म्हणतात, आणि थोड्या वेळाने हळूच मुलीला, सुनंदाताईंना, विचारतात, "हे कोण?"

केतकीने मला सुचवलं होतं, "त्यांना शिकवा म्हणू नका. त्यांच्यासमोर नुसतं करा. शेवटाला त्यांचे हात आपोआप पुढे येतील." मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर माझी दुसरी कुठली आशाच उरली नव्हती. हा शेवट नानांबरोबर गेला तर तो पुन्हा जगात कुठेच असणार नव्हता.

मी सुनंदाताईंची अंगठी मागून घेतली. नानांचंच बोलणं, नानांच्याच ढंगात सुरू केलं. नाना पुढे सरकून बसले. मूठ धरली, फिरवली, उघडली. अंगठी गायब! नाना लहान मुलासारखे हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग ती जागा आली. सुनंदाताईंच्या ओढणीला गाठ नव्हती, आणि ती कशी येते ते मला ठाऊक नव्हतं. मी थांबलो. नानांच्या हातांकडे बघत राहिलो. हात मांडीवर होते. सुनंदाताईही तिकडेच बघत होत्या. माझ्या तळहाताला घाम सुटला होता, आणि त्या घामात लपवलेली अंगठी मला बोचत होती.

नानांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलं. ते घाईघाईने मुलीकडे वाकले, आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "टाळ्या वाजव गं, टाळ्या वाजव. बिचारा विसरलाय."