दव पडलं की वाढणारी टकटक

मी पाचवी शिकलो. बाकीचं रेडिओच्या पोटात हात घालून शिकलो. चाळीस वर्षं नंदुरबारात दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता कोरीटला शेतावरच्या घरात राहतो. बायको जाऊन पाच महिने झाले. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात मी काय केलं ते लिहितो. चांगलं नाही केलं, पण लिहितो.

ती खाटेला खिळली तेव्हा तिला एकच गोष्ट हवी असायची. सकाळी लांबच्या एका स्टेशनवर अर्धा तास अहिराणी गाणी लागायची. ट्रान्झिस्टर उशाशी, डोळे मिटलेले, आणि पांघरुणाखाली पायाचा अंगठा हलतोय. दिवाळीनंतर त्या गाण्यांत टकटक शिरली. सेकंदाला एक टोला. गाण्याचे शब्दच कळेनात.

मला वाटलं, हे तर आपलंच काम. जावयानं मला एसडीआर आणून दिला होता. बोटाएवढी कांडी असते. लॅपटॉपला लावायची, तिला अँटेना जोडायची, की हवेत जे जे चालू आहे ते पडद्यावर दिसतं. प्रत्येक स्टेशनची आपली एक उभी रेघ, वरून खाली सरकत जाणारी. ही टकटक मात्र आडवी उमटायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या स्टेशनांना कापत.

आम्हा रेडिओवेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथं पडद्याचा फोटो टाकला. उत्तर आलं, "काका, घरातलीच काहीतरी वस्तू असेल. मेन स्विच पाडून पाहा." पाडला. लॅपटॉप बॅटरीवर, ट्रान्झिस्टर सेलवर. टकटक तशीच. मग कांडी बदलली, वायर बदलली, गेन, म्हणजे सिग्नल फुगवण्याची पातळी, कमी केला, अँटेना छपरावरून काढून लिंबाच्या झाडावर नेली. त्यात आठवडा गेला. टकटक तशीच. मग मी ठरवूनच टाकलं: घरातलं नाही, म्हणजे लांबचं. परदेशातलं रडार असणार, त्यांचेही टोले असेच ठरावीक पडतात. वहीत तसं लिहिलं, पुढं वेळ टाकली, आणि मान ताठ करून तिला सांगायला गेलो.

ती म्हणाली, "आयका ना, दव पडनं का टकटक वाढस. ऊन तापनं का कमी व्हस."

"रडारले काय दव लागस?"

"माले काय माहीत तुमनं रडार. त्या पडदामा दव दखास का?"

"नही दखास."

"मंग तो पडदा काय कामना? वावरमा जाई दखा ना एकदाव."

"झोपी जाय तू. चाळीस वरीस रेडिओ खोलात मी, अन् तू माले शिकाडस."

ती हसली. दोन-तीन दिवसांनी तिनं ट्रान्झिस्टर लावायचंच सोडलं. टकटकीनं डोकं दुखतं म्हणाली. मी बाजूच्या खोलीत रडारचा देश शोधत बसलो होतो. संक्रांतीच्या आधी ती गेली.

दहाव्यानंतर सकाळी शेतात निघालो. तिचा ट्रान्झिस्टर घरी ठेववेना, म्हणून चालू करून खिशात टाकला. मक्याच्या बांधाकडे सरकलो तशी टकटक मोठी होत गेली. डुकरं मका लोळवतात, म्हणून दिवाळीनंतरच मी भोवती झटक्याची तार ओढली होती. तारेचं मशीन सेकंदाला एक झटका सोडतं. आणि ते चालतं सोलर प्लेटच्या बॅटरीवर. घरातला मेन स्विच पाडून ते कसं बंद होईल! कोपऱ्यावर गवत वाढून तारेला टेकलं होतं, दवानं ओलं. तिथं बारीक ठिणगी उडायची, आणि त्याच क्षणी खिशात टक.

सगळ्या स्टेशनांना कापणारा आवाज लांबचा नसतो, जवळच्या ठिणगीचा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानात गिऱ्हाईक घरघरीची तक्रार घेऊन यायचं तेव्हा मीच सांगायचो, ट्रान्झिस्टर हातात धर आणि घराभोवती फिर, जिथं वाढेल तिथं खोट. पण पुढ्यात पडदा आला आणि मी खुर्चीतून उठलोच नाही.

मशीन बंद केलं. गाणं स्वच्छ लागलं. विळ्यानं गवत कापलं. पाच मिनिटं लागली.

सुरतला मुलीला फोन लावला, तारेचं आणि गवताचं सांगितलं.

"जाऊ द्या ना बाबा," ती म्हणाली. "इतली आजारी व्हती आई, तिले काय समजी टकटक?"

"तिलेच समजनी व्हती," मी म्हणालो. "तिनी सांगं माले. मी तिले झोपी जाय सांगं."