उपरण्याखालची बोटं

चहा पिताना अबरार कपाचा कान धरत नाही. कप तळाशी धरतो. एसटीत खिडकी मिळाली तरी बाहेर बघत नाही, माणसांच्या तोंडाकडे बघतो. कुणी चांगला टोमणा मारला की हसत नाही. ओठ हलवून तो स्वतःशी म्हणून बघतो. मोबाईलचे बारीक स्क्रू चहाच्या बशीत ठेवतो. मध्येच कुणाला तोडत नाही, समोरच्याचं पुरं होऊ देतो. आणि रस्त्यात शेळी आली की बाजूला होतो, वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा.

अबरार माझा मित्र. निमगाव केतकीचा. बारामतीत स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करतो. त्याचे वडील फकीरचाचा शेळ्यांचे व्यापारी. आई मेहबूबबी, माहेर डाळजचं. ती आठवडे बाजारात विड्याची पानं विकायची. दोन वर्षांपूर्वी ती वारली. चाचांनी बाजार सोडला. घरातही कामापुरतंच बोलू लागले.

त्याच सुमाराला अबरारनं मोबाईलवरचा एक गेम बनवायला घेतला.

एक माणूस शेळी विकायला निमगावहून बारामतीला निघतो. गोष्ट एवढीच. वाटेत जो भेटेल तो अडवतो. सुट्टे नसलेला कंडक्टर. लग्नाला यायलाच लागतंय म्हणणारा मामा. प्रत्येकाशी लढाई, आणि लढाई म्हणजे सौदा. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. तोंडं मात्र वर चालूच असतात. "असली शेळी फुकट दिली तरी न्हाय नेणार!" तोवर खाली बोटांचं जमलेलं असतं.

गेममध्ये तसंच. पडद्यावर उपरणं पसरतं. एक डाव तुमचा, एक समोरच्याचा. वर टोमणा निवडायचा, खाली बोट. टोमणा लागला की समोरच्याचा दम कमी होतो. मध्येच शेळीचाही डाव येतो. शेळी उपरणं खाते.

मी मराठीत एम. ए. केलंय. अबरारनं मला गेम खेळायला दिला.

"शिवम, तू शिकलेला हायस. उगं कौतुक करू नको."

टोमणे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो, ते सांगितलं. कालवा, ऊस, पानमळे, सगळं झोपेत दिसावं तसं निळसर आणि सावकाश आहे, तेही सांगितलं. मग उणं काढलं. माणूस फार हळू चालतो. कंडक्टर तोच विनोद पुन्हा पुन्हा करतो. शेळीनं सारखं उपरणं खाल्लं की वैताग येतो. आणि कुणीच हरत नाही. दम संपला की समोरचा म्हणतो, "ये की, चहा घे," आणि लढाई पहिल्यापासून.

"मग बाजारात कोण हरतं?" अबरार म्हणाला. "उठून चाललेल्याला माघारी बोलवत्यातच की."

"अरे, खेळ संपायला नको?"

"तेवढंच जमंना."

त्यानं माणसाची चाल वाढवली. कंडक्टरला नवे विनोद दिले. शेळी तशीच ठेवली. "ती शेळी हाय," म्हणाला.

मग पुण्याच्या एका कंपनीला गेम आवडला. ते गेम घेणार होते, वर अबरारला नोकरीही देणार होते. शाळेत असल्यापासून त्याला हेच करायचं होतं. त्यांची अट एकच. शेवटची लढाई संपत नव्हती. ती महिनाअखेरपर्यंत संपवून द्यायची.

ती लढाई मी पाहिलीच नव्हती. तिथवर पोचलो नव्हतो. रविवारी निमगावला गेलो, त्याला धक्का मारून कामाला लावावं म्हणून.

दुपार होती. फकीरचाचा अंगणात बाजेवर बसले होते. हातात अबरारचा जुना फोन. मी शेजारी टेकलो. त्यांचं लक्ष नव्हतं.

पडद्यावर बाजार उठून गेलेला. एकच टोपली उरलेली. ओल्या फडक्याखाली पानं. टोपलीमागे मेहबूबबी बसलेली. नाकातली चमकी, डोक्यावर पदर. मधे उपरणं पसरलेलं.

'शेळी विकली न्हाय? मग दिसभर काय केलं?'

चाचा ओठ हलवत सावकाश वाचत होते. खाली तीन बटणं. मान्य. अमान्य. बोल की.

त्यांनी 'बोल की' दाबलं.

'आन डोक्यावर टोपी न्हाय. ऊन काय सासरचं हाय व्हय?'

"सासरचंच की," चाचा मोठ्यानं म्हणाले. "डाळजहून येतंय."

आणि हसले. खांदे हलवून हसले. त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावरच्या उपरण्यावर टेकलेलं होतं. तिथं दाबायला काहीच नव्हतं. बोट तसंच होतं.

त्यांनी परत 'बोल की' दाबलं.

अबरार दारात उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोज दोन-चार वाक्यं टाकतो. अम्मीची आठवतील तशी."

"आणि 'मान्य' दाबलं तर?"

"तर सौदा झाला. ती उठणार, टोपली उचलणार, जाणार. रोज लिहायला बसतो. तेवढं लिहवंना."

"पुण्याला वेगळा शेवट दे. घरातला असाच राहू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अम्मी दोन करू व्हय?"

बाजेवरून चाचांनी हाक मारली. "अबरार, हिला म्हणावं, शेळीनं उपरणं खाल्लं." ते अजून हसत होते.

महिना संपला. अबरार स्टँडजवळच आहे. बशीत स्क्रू आहेत. परवा चाचा इंदापूरच्या बाजाराला गेले, खांद्यावर उपरणं टाकून, टोपी घालून.

मी आता शेवटच्या लढाईपर्यंत पोचलोय. एकदा धीर करून 'मान्य' दाबून पाहिलं. उपरणं जरासं हललं. मेहबूबबी बसूनच राहिली. पुढचं अबरारनं लिहिलेलं नाही.